प्रौढपणीं शिकलेली पायगाडी

यंत्रांचा इतिहास बहुधा यंत्र शोधून काढणाऱ्यांच्या बाजूनें लिहिला जातो. कोणीं कोणतें चाक कोठें बसविलें, पेटंट कोणास मिळालें, पहिला कारखाना कोणत्या गांवीं निघाला, एवढें सांगितलें म्हणजे इतिहासकाराचें समाधान होतें. तें यंत्र हातीं आल्यावर एखाद्या थकल्याभागल्या माणसाचें काय झालें, हा प्रश्न चरित्रकारावर सोपविला जातो. आणि चरित्रकारही नायकाच्या सार्वजनिक कार्याच्या गर्दींत तो विसरून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेंतील कांहीं प्रौढ, किंबहुना वार्धक्याकडे झुकलेल्या, माणसांस सायकलीनें जो आनंद व जें आरोग्य परत मिळवून दिलें, त्याची हकीकत हा त्या यंत्राच्या इतिहासाचाच एक भाग आहे असें प्रस्तुत लेखकास वाटतें. त्यांपैकीं एका बाईनें आपली हकीकत स्वतःच मोठ्या बारकाईनें लिहून ठेविली आहे. मुख्यतः तीच येथें सांगावयाची आहे.

पण आधीं यंत्राविषयीं दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. कारण ही गोष्ट दहा वर्षें आधीं घडणें शक्यच नव्हतें. जर्मनींतील मानहाइम शहरीं १८१७ सालीं कार्ल फॉन ड्राइस यानें दोन चाकें एकापुढें एक बसवून एक लांकडी वाहन केलें. त्याला पायडल नव्हते. बसणारानें जमिनीवर पाय मारीत धांवावयाचें. पुढें १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढल्या चाकास पायडल लागले, आणि मग अधिक वेग साधण्याकरितां तें पुढलें चाक वाढत वाढत जवळजवळ पुरुषभर उंच झालें. या उंच गाडीवरून पडणारा बहुधा डोक्यावर पडे. तेव्हां धट्टेकट्टे, अविवाहित आणि थोडे बेफिकीर तरुण सोडले तर इतरांनीं तिच्या वाटेस जावें असें तिच्यांत कांहीं नव्हतें. स्त्रियांनीं व वयस्कांनीं फार तर तीनचाकी घ्यावी. १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ले यानें 'रोव्हर' नांवाची गाडी बाजारांत आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, बैठक खालीं, आणि गति साखळीच्या योगानें मागच्या चाकास मिळणारी. तीन वर्षांनीं बेलफास्ट येथील गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेनें फुगविलेला रबरी टायर तयार केला. गाड्याच्या लोखंडी धांवेवर बसून ज्यांनीं खडीवरून प्रवास केला असेल त्यांस या शोधाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. आपल्याकडे जिला आरंभीं पायगाडी म्हणत ती हीच. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें जिच्यावर बसण्याचें मनांत आणावें अशी दुचाकी १८९०च्या सुमारास प्रथमच अस्तित्वांत आली.

फ्रान्सिस विलर्ड हें नांव मराठी वाचकास अगदींच परकें नाहीं. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, तेथें त्यांचा व विलर्डबाईंचा परिचय होऊन स्नेह जडला; आणि १८८९ सालीं निघालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या रमाबाईंच्या मराठी ग्रंथांत विलर्डबाईंच्या मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाची हकीकत आली आहे. १८७९ पासून मरेपर्यंत त्या या संघाच्या अध्यक्षा होत्या. दारूबंदी, स्त्रियांचा मताधिकार, मजुरांचे कामाचे तास, तुरुंगांची सुधारणा अशा नाना विषयांवर त्यांचें व्याख्यान नाहीं असा महिना क्वचितच जाई. आगगाडी, सभागृह, यजमानांचें घर आणि पुनः आगगाडी, हा त्यांच्या आयुष्याचा क्रम होऊन बसला होता.

हा क्रम त्यांच्या मूळ प्रकृतीस मानवणारा नव्हता. त्यांचा जन्म १८३९ चा. बालपण विस्कॉन्सिनमधील शेतावर गेलें. झाडांवर चढावें, रानांत भटकावें, भावाच्या बरोबरीनें सर्व खेळ खेळावे, असा तो काळ. सोळाव्या वाढदिवशीं तो संपला. त्या दिवसापासून पायघोळ झगा, कंबर आवळणारें कॉर्सेट, उंच टांचांचे जोडे आणि आंकड्यांनीं डोक्यावर बांधलेले केस हे त्यांच्या नशिबीं आले. आतां आपला उद्योग संपला, अशा अर्थाचें वाक्य त्या मुलीनें आपल्या रोजनिशींत लिहिलें. आपल्याकडे परकर सुटून लुगडें आलें, म्हणजे ज्या मुलीच्या पायांतली धांव एका दिवसांत थांबे, तिच्या मनांत काय येत असे हें कोणीं लिहून ठेविल्याचें फारसें आढळत नाहीं; या अमेरिकन मुलीच्या एका वाक्यावरून त्याची कांहींशी कल्पना करतां येते. त्यानंतरचीं सदतीस वर्षें विलर्डबाईंनीं घरांत, शाळेंत आणि व्यासपीठावर काढलीं.

१८९२च्या ऑगस्टमध्यें त्यांची आई वारली. आई हीच त्यांची सल्लागार व तीच त्यांचें घर होती. इतकीं वर्षें शरीरास विसरून मनाकडून जें काम करून घेतलें होतें, त्याचें देणें या दुःखानें एकदम पुढें आणलें. झोंप, उत्साह, कामाची इच्छा, सर्वच मंदावलें. अशा रोगास त्या काळीं मज्जातंतूंचा ऱ्हास असें भारदस्त नांव होतें. स्वतः बाईंनीं मात्र थोड्याशा विनोदानें, रोगी त्यास झीज म्हणतो आणि बघे त्यास मोठें नांव देतात, असें म्हटलें आहे.

अशा रोगी स्त्रियांवर त्या वेळीं कोणते उपचार होत, हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील गोष्टीचें मोल कळणार नाहीं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनीं १८७० नंतर 'विश्रांति-चिकित्सा' प्रचारांत आणली होती. रोगी बाईस सहा ते आठ आठवडे बिछान्यावर निजवून ठेवावयाचें. लिहिणें, वाचणें, भेटीगांठी सर्व बंद. दूध व पौष्टिक अन्न मात्र भरपूर. कांहींना यानें गुण आला असेलही. पण शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर १८८७ सालीं हे उपचार झाले तेव्हां ती वेडाच्या कडेपर्यंत जाऊन पोंचली, आणि १८९२ सालीं प्रसिद्ध झालेली तिची 'द यलो वॉलपेपर' ही भयंकर कथा त्याच अनुभवांतून निघाली. थकलेल्या स्त्रीनें अधिक निश्चल व्हावें, हें तेव्हांचें शास्त्र होतें. विलर्डबाईंनीं नेमकें याच्या उलट केलें.

त्या विश्रांतीसाठीं इंग्लंडांत लेडी हेन्री सॉमरसेट या मैत्रिणीकडे येऊन राहिल्या होत्या. लेडी सॉमरसेट ह्या तेथील मद्यनिषेधक स्त्रियांच्या पुढारी. त्यांनीं पाहुणीस एक सायकल भेट दिली. एका आरमारी अधिकाऱ्यानें बाईंस आधींच सांगून ठेविलें होतें कीं, या वाहनानें आम्हां पुरुषांना सुखाचें केवढें नवें राज्य खुलें करून दिलें आहे याची तुम्हां स्त्रियांना कल्पनाच नाहीं. बाईंनीं सायकलीचें नांव 'ग्लॅडिस' ठेविलें. इंग्रजींतील हर्षवाचक शब्द त्या नांवांत दडलेला आहे. शिकण्याचीं कारणें देतांना साहसाची आवड आणि एक नवें सामर्थ्य हातीं यावें ही इच्छा यांच्या जोडीस त्यांनीं तिसरें कारण प्रांजळपणें दिलें आहे. या वयांत हिला हें जमावयाचें नाहीं असें पुष्कळांस वाटत होतें, म्हणून! वय होतें त्रेपन्न.

शिकण्याची हकीकत त्यांनीं १८९५ सालीं छापलेल्या छोट्या पुस्तकांत दिली आहे. प्रथम तीन बळकट इंग्रज तरुणांनीं गाडी धरून ठेविली आणि बाई भीत भीत बैठकीवर चढल्या. मग दोन तरुण स्त्रिया दोहों बाजूंनीं जोर लावून, तोंडें लाल होईपर्यंत, त्यांचा तोल संभाळूं लागल्या. पुढें एकच जण मधोमध धरून बाजूनें चालूं लागली. अखेर २० जानेवारीचा दिवस उजाडला आणि जवळ कोणी नसतां त्या स्वतः चढल्या व स्वतः निघाल्या. पायडल मारणें, वळणें, उतरणें आणि चढणें हा क्रम तीन महिन्यांत पुरा झाला. रोज दहापंधरा मिनिटें धरून सारा हिशेब त्यांनीं सुमारें १३०० मिनिटांचा केला आहे, म्हणजे पुरे २२ तासही नव्हेत.

या हिशेबाचा त्यांस फार अभिमान वाटलेला दिसतो, आणि तो रास्त आहे. सायकल शिकण्यांत एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या बाजूस तोल जाऊं लागतो त्याच बाजूस हँडल वळवावें लागतें. घाबरलेला मनुष्य नेमका उलटीकडे ओढतो आणि पडतो. पुढल्या चाकाकडे टक लावून पाहणाराही पडतो. हें शिकणाराला हजारदां सांगितलें तरी उपयोग होत नाहीं. तें हातांना, कंबरेला आणि पोटऱ्यांनाच कळावें लागतें, आणि एकदां कळलें म्हणजे कसें कळलें तें कोणालाही सांगतां येत नाहीं. जिचा सारा जन्म शब्दांनीं लोकांचीं मनें वळविण्यांत गेला, ती बाई त्रेपन्नाव्या वर्षीं अशा एका विद्येपुढें उभी राहिली कीं जेथें वक्तृत्वाचा कांहीं इलाज चालेना. हजारोंच्या सभेस खिळवून ठेवणारी ही अध्यक्षा एका पोरसवदा मुलीचा हात धरून 'सोडूं नकोस' म्हणत होती. तिच्या दुःखावर खरें औषध हेंच झालें असावें, असें माझें मत आहे. शोकांत मनुष्य आपल्या भूतकाळाकडे पाहत बसतो. नवशिक्याला मागें पाहण्यास फुरसत नसते.

पुस्तकाविषयीं एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. बाईंची प्रवचनाची सवय सुटत नाहीं. चाक डगमगलें कीं संकल्पशक्ति डगमगली, गाडी पुढें गेली कीं स्त्रीजाति पुढें गेली, असें प्रत्येक वळणावर तात्पर्य निघतें. ज्याचें डोकें ठिकाणावर नाहीं त्यास हें वाहन जवळ येऊं देत नाहीं, तेव्हां दारूच्या दुकानाची ही सवत होईल, असाही त्यांचा हिशेब होता. परंतु तात्पर्यांच्या मधून मधून, सोळाव्या वर्षीं हरवलेली ती शेतावरची मुलगी डोकावते, आणि तेवढ्यासाठीं पुस्तक वाचावें. शिवाय हे महिने नुसत्या आनंदाचे होते असेंही नव्हे. १८९४ सालीं आयडा बी. वेल्स ही कृष्णवर्णीय लेखिका इंग्लंडांत दौरा करीत होती. दक्षिणेंतील निग्रोंच्या झुंडशाही हत्यांविषयीं विलर्डबाईंनीं पूर्वीं काढलेले अनुदार उद्गार तिनें तेथें छापून आणले, आणि त्यांवर बाईंस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. सायकलीवरचा तोल आणि न्यायबुद्धीचा तोल एकाच वेळीं साधतोच असें नाहीं.

आतां वैद्यांकडे वळूं. स्त्रीपुरुषांच्या झुंडी दुचाकीवर बसूं लागल्या तसे डॉक्टर चिंतातुर झाले. १८९०च्या दशकांतील इंग्रजी व अमेरिकन पत्रें चाळलीं तर 'सायकलमुख' नांवाच्या एका विकाराची चर्चा सांपडते. तोल संभाळण्याच्या सततच्या ताणानें डोळे वटारलेले, जबडा आवळलेला आणि चेहरा फिकट किंवा लाल होऊन तो तसाच राहतो, असें कित्येकांचें म्हणणें. कोणी पाठीच्या कण्यास पोंक येईल म्हणे, कोणी हृदय वाढेल म्हणे; स्त्रियांच्या बाबतींत तर वंध्यत्वापासून नीतिभ्रंशापर्यंत सर्व कांहीं संभवनीय ठरलें. दुसऱ्या बाजूस लंडनचे नामांकित वैद्य बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन हे स्वतः सायकलीचे भोक्ते होते. अतिरेक आणि शर्यत यांबद्दल मात्र तेही सावधगिरीची सूचना देत. 'सायकलमुख' शतक बदलण्याच्या सुमारास नाहींसें झालें. औषध कोणींच शोधलें नाहीं. लोकांना सायकलस्वार पाहण्याची सवय झाली, इतकेंच.

या वादांत एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालें. कॉर्सेट आवळून सायकल चालविणें जवळजवळ अशक्य आहे. श्वासच पुरत नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं एखादी बाई गाडीवर बसली त्या दिवशीं तिनें आपल्या फासळ्याही मोकळ्या केल्या. विलर्डबाईंनीं आपला वेष नमूद करून ठेविला आहे. जाड लोकरी कापडाचा झगा जमिनीपासून तीन इंच वर, सैल गळपट्टा, साधी गवती टोपी आणि चालण्याचे जोडे. तीन इंच हें अंतर आज हास्यास्पद वाटेल. सदतीस वर्षें ज्यांच्या पायांत तो घोळ अडखळत होता त्यांस तें तसें वाटलें नसावें. बाईंस परत मिळालेल्या आरोग्याचें अर्धें श्रेय चाकास दिलें तर उरलेलें अर्धें या तीन इंचांस द्यावें लागेल.

व्यायाम मिळाला म्हणून प्रकृति सुधारली, एवढें उत्तर कोणी सहज देईल. तें खोटें नाहीं. कोपनहेगन येथील हजारों लोकांची पुष्कळ वर्षें पाहणी करून २००० सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यांत कामावर सायकलीनें न जाणाऱ्यांचें मृत्युप्रमाण सायकलीनें जाणाऱ्यांपेक्षां ३९ टक्के अधिक आढळलें. आणि इतर व्यायाम, धूम्रपान वगैरे गोष्टींचा फरक वजा करूनही तें तसेंच राहिलें. परंतु नुसत्या व्यायामानें सर्व गोष्टीचा उलगडा होत नाहीं. याला साक्षीदार म्हणून एका थोर रशियन गृहस्थास पुढें आणतों.

काउंट लिओ टॉल्स्टॉय यांस व्यायामाची वाण कधींच नव्हती. ते नांगर धरीत, गवत कापीत, घोड्यावर बसत. १८८६ सालीं तर ते मॉस्कोहून यास्नाया पोल्याना या आपल्या गांवापर्यंतची सुमारें दोनशें किलोमीटरची वाट पायीं चालून गेले होते. १८९५च्या फेब्रुवारींत त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा वानिच्का तांबड्या तापानें वारला. त्याला सात वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. मुलगा असामान्य गुणी, आणि आपलें काम हाच पुढें चालवील अशी बापाची आशा. आईनें तर हाय खाल्ली. या घटनेस दोनतीन महिने होतात न होतात तोंच सहासष्ट वर्षांचे टॉल्स्टॉय मॉस्कोंतील मानेजच्या प्रशस्त इमारतींत सायकल शिकूं लागले! त्यांच्या अनुयायांस हें रुचलें नाहीं. साधेपणाचा उपदेश करणारानें श्रीमंतांच्या या नव्या खेळण्यावर बसावें काय, असा त्यांचा आक्षेप. त्या वसंत ऋतूंतील रोजनिशींत टॉल्स्टॉय यांनीं याची नोंद केली आहे. आपला एक निकटचा अनुयायी नाराज आहे, तरी आपल्यास लाज वाटत नाहीं. लोक काय म्हणतील याची पर्वा न करतां निष्पापपणें, मुलासारखी मौज करण्यांत एक प्रकारचें साधुजनोचित वेडेपण आहे, असा त्या नोंदीचा आशय आहे. ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें आपल्या प्रत्येक सुखाची उलटतपासणी केली, त्यानें एवढ्या एका सुखास बिनचौकशी सोडून द्यावें, हें मला त्यांच्या कित्येक निबंधांहून अधिक बोलकें वाटतें. मूल गमावलेल्या बापानें मुलासारखें व्हावें, यांत मनाची कोणती क्रिया असेल तें ज्यानें त्यानें ठरवावें. ती सायकल मॉस्कोंतील त्यांच्या राहत्या घराच्या संग्रहालयांत ठेविलेली आहे.

आपल्या महाराष्ट्रांत हें वाहन आलें तें निराळ्या वाटेनें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं सायकलींचें दुकान घातलें, आणि लक्ष्मणराव गिऱ्हाइकांस गाडीवर बसावयासही शिकवीत. पुढें नांगरांचा व यंत्रांचा जो मोठा कारखाना उभा राहिला त्याचें मूळ या दुकानांत आहे. परंतु थोड्याच काळांत सायकल ही आपल्याकडे कारकुनाची, दूधवाल्याची, तारवाल्याची, कॉलेजांतल्या पोरांची झाली. विसाव्या शतकांत पुण्याची तर तीच ओळख होऊन बसली होती. पोटासाठीं जें रोज दामटावें लागतें त्यांतला आनंद मनुष्य बोलून दाखवीत नाहीं. त्यामुळें सायकलीनें मराठी माणसाची प्रकृति कशी राखली याची हकीकत आपल्या वाङ्मयांत विरळा. गल्लींत भाड्याची गाडी घेऊन, दांड्याखालून पाय घालून शिकलेल्या मुलांच्या आठवणी पुष्कळांनीं लिहिल्या आहेत. पन्नाशींत प्रथम बैठकीवर चढलेल्या आजीची आठवण माझ्या वाचनांत नाहीं. पुढें स्वयंचलित दुचाक्यांनीं ते रस्ते व्यापले. सांप्रत पहांटेच्या वेळीं शहराबाहेरच्या चढावर चाळिशी-पन्नाशीचीं माणसें घाम गाळीत सायकली चढवितांना दिसतात, त्यांतलीं कांहीं डॉक्टरच्या सांगण्यावरून, कांहीं आपखुशीनें.

विलर्डबाई जून १८९४ मध्यें अमेरिकेस परतल्या आणि पुनः कामास लागल्या. सायकलीनें त्यांस दीर्घायुष्य दिलें असें म्हणतां येत नाहीं. रक्तक्षयानें त्यांस पुनः ग्रासलें आणि फेब्रुवारी १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथें, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्या वारल्या. १९०५ सालीं वॉशिंग्टन येथील राष्ट्रसभेच्या पुतळेघरांत इलिनॉय संस्थानातर्फे त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यांत आला. त्या दालनांत मान मिळालेली ही पहिली स्त्री. शिल्पकर्तीनें त्यांस व्याख्यानपीठाशेजारीं, पायघोळ झग्यांत उभें केलें आहे. त्यांचें तें छोटें पुस्तक १९९१ सालीं पुनः छापलें गेलें. संघाच्या कामावरील त्यांचे जाडे ग्रंथ आतां अभ्यासकच उघडतात. हें मात्र अजून साधा वाचक विकत घेतो.